स्टिक सोडल्या की ड्रोन कुठे जातो?

माझं माहेर आजरा तालुक्यातलं. घराच्या खाली घनसाळ भाताची उतरती खाचरं, त्याखाली ओढा, ओढ्यापलीकडे मेसकाठीची, म्हणजे बांबूची, बेटं. ही खाचरं मी जन्मभर खालूनच पाहिली. कधी चिखलात उभी राहून, कधी बांधावरून, फार तर घरामागच्या टेकावरून. ती वरून कशी दिसत असतील ते एकदा बघायचं होतं, म्हणून मी ड्रोनच्या नादाला लागले. आता शाळेतले सहकारी, त्यांची मुलं, कुणाचा भाचा असे बरेच जण विचारतात, "मॅडम, कुठला घेऊ?" प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा इथे नीट लिहून ठेवते.

पहिला ड्रोन मी २०२० साली ऑनलाइन मागवला. सहा-साडेसहा हजारांचा. पेटीवर मोठ्या अक्षरांत ४के लिहिलेलं होतं. घराच्या अंगणात, वारा नसताना, तो छान उडाला. दुसऱ्या दिवशी खाचरांवर नेला. दहा-बारा मीटर वर गेला आणि सरकायला लागला. मी रिमोटच्या दोन्ही स्टिक सोडून दिल्या. मला वाटलं, सोडल्या की थांबेल. तो अजिबात कलंडला नाही, गिरकी घेतली नाही, अगदी सरळ उभा राहून वाऱ्याबरोबर ओढ्याकडे चालत गेला आणि बेटात घुसला. तीन दिवसांनी त्याचा एक हात आणि दोन पंखे सापडले.

आपण सगळे ड्रोन घेताना आधी कॅमेऱ्याचे आकडे बघतो. माझं सांगणं एवढंच की आधी हे बघा: स्टिक सोडल्यावर ड्रोन आहे त्या जागी थांबतो का?

माझा पहिला ड्रोन तोल राखत होता, जागा राखत नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात किंवा जाहिरातीत त्या एकाच शब्दात गुंडाळल्या जातात. जायरोस्कोप आणि ॲक्सिलरोमीटर प्रत्येक ड्रोनमध्ये असतात, अगदी खेळण्यातल्यातही. आपण किती झुकलोय हे ते ओळखतात आणि चारही मोटरींचा वेग कमीजास्त करून ड्रोन सपाट ठेवतात. पण आपण सरकतोय हे त्यांना धड कळत नाही. पुराच्या पाण्यात नाव कशी न कलंडता वाहून जाते, तसंच. उंची टिकवायला हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर लागतो. जागा टिकवायला उघड्यावर जीपीएस लागतं, आणि जमिनीजवळ पोटाखालचा कॅमेरा. हा कॅमेरा खालच्या जमिनीची चित्रं एकामागून एक घेतो, त्यातलं गवत-दगड कुठल्या बाजूला सरकले ते बघतो आणि तेवढं उलट्या दिशेला सावरून घेतो.

एका सहकाऱ्याच्या मुलाकडे टेलो नावाचा छोटा ड्रोन होता. ८० ग्रॅमचा, जेमतेम १३ मिनिटं उडणारा, ७२०पी व्हिडिओ काढणारा. त्यात जीपीएस नाही, पण पोटाखालचा कॅमेरा आहे. शाळेच्या हॉलमध्ये फरशीवर तो खिळा मारल्यासारखा उभा राहायचा. दिवे बंद केले की हळूहळू भटकायला लागायचा, कारण खालचं काही दिसेना. चौथीच्या मुलांना मी हे दोन-तीनदा करून दाखवलं. 'त्याचे डोळे पोटाला आहेत' हे त्यांना इतकं पटकन कळलं की नंतर तीच दुसऱ्यांना समजावून सांगत होती. घरात हात बसवायला हा ड्रोन चांगला. शेतावर न्यायचा नाही.

मग मी सव्वा वर्ष पैसे साठवले आणि मिनी २ घ्यायचा ठरवला. डीजेआय कंपनीचा, २०२० च्या नोव्हेंबरात आलेला, वजन २४९ ग्रॅम. २०२२ च्या जानेवारीत कोल्हापुरात एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून जुना घेतला. त्याला मोठा घ्यायचा होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ९ फेब्रुवारी २०२२ ला, सरकारनं परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सुटे भाग आणायला मोकळीक आहे, आणि संशोधन, संरक्षण, सुरक्षा यांच्यासाठी वेगळी सवलत आहे, पण हौसेसाठी पूर्ण ड्रोन आयात करता येत नाही. आपल्याकडे तयार होणारे बरेचसे ड्रोन फवारणीचे नाहीतर मोजणीचे. त्यामुळे हौशी माणूस शेवटी जुन्या बाजाराकडेच वळतो. म्हणून जुना ड्रोन कसा पारखायचा, हे जरा सविस्तर सांगते.

त्या फोटोवाल्या दादांना मी म्हटलं, "दुकानात नको, मैदानावर उडवून दाखवा." ते चांगल्या स्वभावाचे होते, आले. मी जमिनीवर पाण्याची बाटली ठेवली, तिच्या शेजारून ड्रोन वर घ्यायला लावला. पंधरा मीटरवर नेऊन त्यांना दोन्ही हात खाली घ्यायला सांगितलं आणि घड्याळ लावून तीन मिनिटं नुसती बघत राहिले. तीन मिनिटं फार लांब वाटतात. वाऱ्याची झुळूक आली की ड्रोन झुकायचा, मोटरींचा आवाज चढायचा, आणि तो परत आपल्या जागेवर. रिमोटवर एक बोटही नव्हतं. मग त्याला पन्नासेक मीटर लांब नेऊन घरी परत यायचं बटण दाबलं. बाटलीपासून हातभर अंतरावर उतरला. त्याच वेळी माझं मन ठरलं होतं, पण तरी पुढचं सगळं तपासलं.

पंखे हातानं हळू फिरवून बघितले. चारही मोटरी सारख्या मऊ फिरायला हव्यात. एखादी खरखरली तर त्या ड्रोननं माती खाल्लेली असते. घडीचे हात जिथे वळतात तिथे केसाएवढी चीर आहे का ते टॉर्चच्या उजेडात पाहिलं. ॲपमध्ये बॅटरी किती वेळा चार्ज झाली तो आकडा दिसतो, तो वाचला. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून पाहिली. फुगलेली असेल तर ती डुगडुगते, आणि अशी बॅटरी फुकट दिली तरी घेऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्यांच्या खात्यातून ड्रोन माझ्यासमोर सोडवून घेतला. जुन्या मालकाच्या खात्याला ड्रोन जोडलेला राहिला तर तुमच्या खात्यावर तो चढत नाही, आणि पैसे दिल्यानंतर माणूस फोन उचलेलच असं नाही. मूळ बिलही मागून घेतलं.

गिंबलबद्दल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या टांगणीबद्दल, थोडं. माझ्या पहिल्या ड्रोनच्या व्हिडिओत खाचरांचे बांध रबरासारखे वळवळत होते. त्याचं कारण मला नंतर समजलं. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचत जातो. तेवढ्या वेळात मोटरींच्या थरथरीनं कॅमेरा हलला की सरळ रेघ नागमोडी होते. मिनी २ चा कॅमेरा तीन अक्षांच्या गिंबलवर टांगलेला आहे. ड्रोन वाऱ्यात तिरका झाला तरी छोट्या मोटरी कॅमेरा क्षितिजाला समांतर धरून ठेवतात. काही स्वस्त ड्रोनवर 'इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण' लिहिलेलं असतं. त्यात चित्राच्या कडा कापून हलणं लपवतात; थोडं हलणं लपतं, थरथर लपत नाही. ३ ॲक्सिस मेकॅनिकल गिंबल हे शब्द असतील तरच पुढे विचार करा. आमच्या कामाला ३० फ्रेमचा ४के व्हिडिओ भरपूर झाला. स्थिर गिंबलवरचा साधा १०८०पी सुद्धा हलणाऱ्या ४के पेक्षा शंभर पटीनं बघवतो.

मोटरी ब्रशलेस आहेत ना, तेही विचारा. ब्रशवाल्या छोट्या मोटरी आतून घासल्या जातात आणि थोड्या तासांतच एक बाजू कमी जोर लावायला लागते. मग कितीही कॅलिब्रेशन केलं तरी ड्रोन एका अंगाला ओढतो.

वाऱ्याचं मात्र कागदावरचं वाचून भागत नाही. मिनी २ साधारण ८.५ ते १०.५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ३० ते ३८ किलोमीटरपर्यंतचा वारा सोसतो असं कंपनी सांगते, आणि ते खरंच आहे. पण आमच्याकडे खाली पान हलत नसतं तेव्हा साठ मीटरवर चांगला वारा असतो, आंबोलीकडून चढून आलेला. म्हणून मी आधी वाऱ्याच्या तोंडाला उडवते आणि येताना पाठीशी वारा घेते. उलट केलं तर जाताना मजा वाटते आणि बॅटरी उतरल्यावर परतीला वारा समोरून लागतो. कंपनी सांगते तो ३१ मिनिटं उडण्याचा आकडा वारा नसतानाचा आहे. मला वीस-बावीस मिनिटं मिळतात आणि ३० टक्क्यांवर मी परत फिरते. त्याखाली कधीच नाही.

दोन चुका माझ्या हातून झाल्या, तुमच्या होऊ नयेत. पहिली, घराच्या स्लॅबवरून उडवणं. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांनी कंपास बिघडतो. जीपीएस 'मी इथे आहे' सांगतं, कंपास चुकीचं तोंड दाखवतो, आणि ड्रोन जागा सावरायला जातो तो भलत्याच दिशेला. गोल गोल, मोठे होत जाणारे फेरे घ्यायला लागला तेव्हा मी ताबडतोब उतरवला. आता अंगणातल्या मातीवरूनच, खळ्यावर एक चटई टाकून उडवते. दुसरी, परतीची उंची न बदलणं. आमच्या बांधावर सिल्व्हर ओक आहेत, पंचवीस मीटरच्या वर गेलेले. घरी परतायचं बटण दाबलं की ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि मग सरळ रेषेत येतो. झाड त्याला दिसत नाही. मी आता ती ५० मीटर ठेवते. नंतर आलेल्या मिनी ४ प्रो ला चारही बाजूंनी अडथळे ओळखता येतात, परवडत असेल आणि सरळ मार्गानं मिळत असेल तर चांगलंच आहे. पण महावितरणच्या तारा कुठल्याही कॅमेऱ्याला नीट दिसत नाहीत. तारांच्या बाबतीत आपलेच डोळे.

उडवण्याआधी होम पॉइंट, म्हणजे ड्रोननं परत यायची जागा, नोंदला गेल्याचा आवाज येईपर्यंत थांबा. कधी अर्धं मिनिट लागतं, खोल दरीत जास्त. थांबा.

नियम २५ ऑगस्ट २०२१ पासूनचे आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात मोडतो आणि त्याला पायलटचा परवाना लागत नाही. २४९ ग्रॅमचा हट्ट त्याचसाठी. सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत जाता येतं. पण विमानतळाच्या आसपास, धरणं, लष्करी जागा इथे गोष्ट वेगळी, म्हणून डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा तो नकाशा प्रत्येक नव्या जागी बघायचाच. संरक्षित किल्ल्यांवर परवानगीशिवाय उडवू नका.

आणि आमच्या भागापुरतं एक. गेल्या वर्षी टस्कर हत्ती शिवारात आला तेव्हा दोघं-तिघं दारात आले, "ताई, तुमच्या ड्रोननं बघा की कुठं बसलाय." मी नाही म्हटलं. त्या आवाजानं हत्ती बिथरतो आणि मग तो कुणाच्या अंगणात जाईल सांगता येत नाही. ते काम वनखात्याच्या माणसांचं. त्यांना वाईट वाटलं असेल, पण मी पुन्हाही नाहीच म्हणेन.

लावणीनंतर खाचरं पाण्यानं भरलेली असतात तेव्हा खाली, तीन-चार मीटरवर, थांबवू नका. पोटाखालचा कॅमेरा पाण्यावरच्या लाटा बघतो आणि त्यांच्याबरोबर सरकतो. मिनी २ चा तो कॅमेरा दहा मीटरपर्यंत बघतो. मी पाण्यावर कायम पंधरा मीटरच्या वर असते, म्हणजे तो जीपीएसवर उभा राहतो.

गणपती झाल्यावर एका सकाळी उघाड मिळाली. आप्पा खळ्यावर माझ्याशेजारी पाट टाकून बसले. मी ड्रोन खाचरांच्या मधोमध चाळीस मीटरवर नेला आणि कॅमेरा सरळ खाली वळवला. आप्पांनी चष्मा पुसला आणि फोन स्वतःच्या डोळ्यांजवळ ओढला. एकेका खाचराचं नाव घेत गेले: वडाचं, थोरलं, पाणंदीकडचं, आईचं. मग चौथ्या आणि पाचव्या खाचराच्या मधल्या बांधावर बोट ठेवलं. हिरव्यातून एक काळपट ओली रेघ खाली उतरत होती.

"हालवू नगंस. असंच धर."

"मी धरलंच नाही आप्पा, तो आपसूक उभा आहे."

त्यांनी माझ्या मांडीवरच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग परत पडद्याकडे.

"खेकड्यानं पोखरलाय बांध. आठ दिवस झाले, वरचं पाणी का टिकंना म्हणून बघतोय."

ड्रोन उतरवून मी पंखे मिटेपर्यंत ते खोरं घेऊन खाली निघालेसुद्धा होते.