आमची वाटचाल: रणगाड्यातल्या रेडिओपासून पॉवर सप्लायपर्यंत

जुने लष्करी रेडिओ चालू करण्यावर कुणाचं घर चालेल, असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना होता, व्हॉल्व्हचं (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचं) वेड होतं आणि ओळखीपाळखीतले लोक बंद पडलेले सेट आणून ठेवत होते. बहुतेकांचं मागणं एकच: रंग मारून चकचकीत करून द्या. आम्ही रंगाला शेवटी हात लावतो, आणि बहुधा लावतच नाही. सेट बोलत नसेल तर नुसत्या देखणेपणाचं करायचं काय?

जम बसला तो १९ नंबरच्या वायरलेस सेटवर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने रणगाड्यांसाठी काढलेला हा सेट म्हणजे एका पेटीत तीन यंत्रं. २ ते ८ मेगाहर्ट्झचा मुख्य ट्रान्समिटर-रिसीव्हर, जवळच्या रणगाड्याशी बोलायला छोटा व्हीएचएफ (अतिउच्च फ्रिक्वेन्सीचा) सेट आणि आतल्या माणसांसाठी इंटरकॉम. पुढे तो कॅनडा-अमेरिकेतही बनला. सोव्हिएत सैन्यासाठी काढलेल्या सेटांच्या दर्शनी पट्टीवर इंग्रजीसोबत रशियन अक्षरं आहेत. ७ मेगाहर्ट्झचा हॅम बँड (हौशींसाठी राखलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा) त्याच्या टप्प्यात येतो, त्यामुळे हौशी मंडळी अजून त्याच्यावर बोलतात.

असा सेट आला की लगेच वीज जोडायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मेणकागदाचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) इतक्या वर्षांत गळके झालेले असतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (करंट काबूत ठेवणाऱ्या आतल्या जाळीला) जोडलेला कपॅसिटर गळत असेल, तर ग्रिडवर नको तो पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतो, व्हॉल्व्हमधून बेसुमार करंट वाहतो आणि त्याची प्लेट लाल होते. असे कपॅसिटर आम्ही काढतो, पण फेकत नाही. कपॅसिटरची नळी किंचित तापवून आतला गाभा ढकलून काढायचा, तिथे आजचा फिल्म कपॅसिटर बसवायचा आणि दोन्ही तोंडं पुन्हा मेणाने बंद करायची. वेळखाऊ काम आहे आणि गिऱ्हाइकाला ते दिसतही नाही. तरी झाकण उघडल्यावर आतला नजारा मूळचाच राहावा, हा आमचा हट्ट आहे. रबराची वायर मात्र बिनदिक्कत बदलतो. ती हात लावताच भुगा होते.

धंद्याला खरं वळण मिळालं ते पॉवर सप्लायमुळे, म्हणजे सेटला हव्या त्या व्होल्टेजची वीज पुरवणाऱ्या पेटीमुळे. १९ नंबरला रिसीव्हरसाठी सुमारे २७५ आणि ट्रान्समिटरसाठी ५०० व्होल्ट लागतात. रणगाड्यात हे काम बॅटरीवर फिरणारी यंत्रं करत. आज सेट मिळतात, पण त्यांच्या सप्लायच्या पेट्या कधीच्या वेगळ्या झालेल्या असतात. मिळाली तरी ग्रीस दगड झालेलं, कार्बन ब्रश झिजलेले. म्हणून आम्ही त्याच व्होल्टेजचे बदली सप्लाय बनवू लागलो, आणि आज आमची मुख्य मिळकत त्यांचीच आहे, दुरुस्तीची नव्हे. काही दर्दींना मात्र ती फिरत्या यंत्राची शिट्टीच हवी असते. त्यांना बेअरिंग धुऊन, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो भाग) साफ करून देतो.

एक काम आम्ही घेत नाही: रेडियमचा रंग असलेल्या डायल खरवडणं. चमक कधीच गेलेली असते, पण किरणोत्सर्ग तसाच असतो आणि ती भुकटी श्वासात गेलेली कुणालाच परवडणारी नाही. डायल काचेआड बंद राहू द्यावी.

दुरुस्त झालेला सेट खऱ्या एरियलवर दोन्ही बाजूंनी बोलल्याशिवाय आमच्याकडून हलत नाही. व्हॉल्व्ह तापेपर्यंत फ्रिक्वेन्सी सरकत राहते, तेवढा दम धरावा लागतो. बँडवर गर्दी असेल तर एएमने (आवाज पाठवण्याच्या, जास्त जागा खाणाऱ्या पद्धतीने) जागा अडवण्यापेक्षा मोर्स (टिंब-रेघांचा संकेत) बरा.

सध्या टेबलावर एएन/जीआरसी-९ हा अमेरिकन लष्करी रेडिओ सेट आहे. त्याचा जनरेटर हाताने फिरवायचा असतो. मोर्सची की (संदेशाचं बटण) दाबली की दांडा जड होतो, सोडली की हलका, त्यामुळे फिरवणाऱ्यालाही काय चाललंय ते हाताला कळतं. फिरवणारा दुसरा माणूस दर वेळी मिळत नाही, म्हणून याच्याही बदली सप्लायची मागणी आहे. आराखडा तयार आहे, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला दिलाय.