रत्नागिरीत गाडीशिवाय पाच दिवस: खोली कुठल्या उंचीवर घ्यावी?

रत्नागिरीत पत्ता विचारला की डावं-उजवं नंतर येतं, आधी ‘वर’ किंवा ‘खाली’ येतं. “वर मारुती मंदिरला जा”, “खाली रामआळीत मिळेल”. पहिल्या दिवशी हे फक्त बोलण्याची तऱ्हा वाटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा गुडघा सुजला आणि मग कळलं, की या गावात स्वतःची गाडी नसेल तर राहण्याची जागा याच दोन शब्दांवर ठरवायला हवी.

फेब्रुवारीत आम्ही दोघीच गेलो होतो, मी आणि आई. आई बहात्तर वर्षांची आहे. सपाटीला तासभर मजेत चालते, पण चढ आणि पायऱ्या तिला आता झेपत नाहीत. मला गाडी चालवता येत नाही आणि पाच दिवस गाडी भाड्याने घ्यायची आमची ऐपतही नव्हती. रेल्वे, एसटी, रिक्षा आणि पाय, एवढ्यावरच सगळं बसवायचं होतं.

ठाण्याहून सकाळची मांडवी एक्स्प्रेस घेतली. (गाडीचं हे नाव गोव्याच्या मांडवी नदीवरून आहे. रत्नागिरीतही मांडवी आहे, ती किनाऱ्यावरची. तिच्याबद्दल पुढे येईलच.) या गाडीतलं खाणं चांगलं असतं, त्यामुळे डबा घेतला नव्हता आणि पस्तावलोही नाही. दुपारी उतरलो. रत्नागिरीचं स्टेशन गावात नाही, ते वर सड्यावर (कातळाच्या पठारावर), कुवारबावच्या बाजूला, गावापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. बाहेर रिक्षा उभ्या असतात. इथे मीटरचा हिशोब नाही, आधी भाडं ठरवायचं आणि मगच सामान आत ठेवायचं. हाताशी वेळ असेल आणि पिशवी हलकी असेल तर कोल्हापूर रस्त्यावर जाऊन गावात जाणारी बस मिळते. ती साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका करत स्टँडकडे उतरते. ‘उतरते’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. स्टेशनपासून समुद्रापर्यंतचा सगळा रस्ता हा टप्प्याटप्प्याने उतारच आहे. म्हणजे परतताना तो सगळा चढ.

पहिल्या दोन रात्रींची खोली मी फोटोवरून घेतली होती. थिबा पॅलेसच्या भागात, कड्याजवळ. फोटोत गॅलरी, गॅलरीबाहेर पाणी, वर लिहिलेलं ‘समुद्र पाच मिनिटांवर’. फोटो खोटा नव्हता. गॅलरीतून भाट्याची खाडी, तिच्यावरचा पूल, पलीकडची सुरूच्या झाडांची काळी रेघ आणि तिच्यापुढे समुद्र, सगळं दिसत होतं. पण ते सगळं कड्याखाली होतं. पाच मिनिटं बहुधा घारीची असावीत. माणसाला खाली उतरून, वळसा घालून जावं लागतं. आई संध्याकाळी गॅलरीत बसली होती. म्हणाली, “दिसतोय खरा गं. पण पाय कधी भिजायचे?”

त्या प्रश्नापासून पुढचे दिवस मी खोल्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. समुद्र दिसणं आणि समुद्रावर जाता येणं या रत्नागिरीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉजवाल्याला विचारताना त्या वेगवेगळ्याच विचाराव्यात.

तरी थिबा पॅलेसच्या भागाला मी नावं ठेवणार नाही. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885मध्ये पदच्युत करून इथे आणून ठेवलं. 1910मध्ये त्याच्यासाठी हा वाडा बांधला आणि 1916मध्ये तो इथेच वारला. वाड्यात आता संग्रहालय आहे. आम्ही दोघी आत फिरलो, मग थिबा पॉइंटवर जाऊन बसलो. खाडीत परतणाऱ्या होड्या बघताना आई बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, “आपल्या गावापासून इतक्या लांब, आणि रोज समोर समुद्र. त्याला बोटी बघून काय वाटत असेल?” मला उत्तर सुचलं नाही. सूर्यास्त बघायचा तर गावात याहून चांगली जागा नाही. पण त्यासाठी तिथे राहायची गरज नाही, एका संध्याकाळी रिक्षाने या, अंधार पडायच्या आत निघा. वस्ती शांत आहे, आमच्या लॉजमध्ये जेवणाची सोय नव्हती आणि जेवायला खालीच जावं लागत होतं. दुसऱ्या रात्री जेवून चालत वर आलो, तेव्हाच गुडघ्याने तक्रार केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईला न्याहारीला बसवून मी खोली शोधायला एकटी निघाले. तीन तास फिरले. पुढचं सगळं त्या फिरण्यावर आणि नंतरच्या तीन दिवसांवर उभं आहे.

आधी भाट्ये. खाडीवरचा पूल ओलांडला की लगेच किनारा सुरू होतो. सरळ, लांब, स्वच्छ वाळू, मागे सुरूचं बन, जवळच नारळ संशोधन केंद्र, आणि किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला झरी विनायकाचं देऊळ. पाय भिजवायला याहून सोपी जागा नाही, रस्त्यावरून उतरलं की वाळूच. मनात आलं, इथेच राहावं. पण भाट्ये हे पुलापलीकडे आहे. पावसच्या बाजूच्या एसट्या याच रस्त्याने जातात, त्यामुळे दिवसा अडत नाही. अडतं ते संध्याकाळनंतर. त्याच दिवशी आम्ही दोघी संध्याकाळी भाट्याला गेलो आणि अंधार पडेपर्यंत रमलो. मग रिक्षा मिळेना. जाणाऱ्या रिक्षा भरलेल्या, एसटीची वेळ कुणाला नक्की सांगता येईना. शेवटी पुलावरून चालत निघालो. वारा छान होता, खाली होड्यांचे दिवे होते, पण बाजूने गाड्या सुसाट जात होत्या आणि आईचा हात मी घट्ट धरून ठेवला होता. पूल संपल्यावर एक रिक्षावाले दादा थांबले. म्हणाले, “मावशी, रात्री पलीकडे आम्ही जात नाही असं नाही, पण येताना रिकामं यावं लागतं. आधी सांगून ठेवलंत तर येऊ.” हे वाक्य लक्षात ठेवा. भाट्याला राहायचंच असेल तर येताना ज्यांच्या रिक्षात बसलात त्यांचा नंबर घ्या आणि परतीची वेळ तेव्हाच ठरवा. शिवाय जेवण राहत्या जागीच मिळतं का, हे खोली घ्यायच्या आधी विचारा. दिवसभर वाळूत बसून राहणाऱ्यांना भाट्ये उत्तम. गाव बघणाऱ्यांना नाही.

वरचा दुसरा पर्याय मारुती मंदिर आणि साळवी स्टॉपचा भाग. रस्ते रुंद, हॉटेलं भरपूर, स्टेशन त्यातल्या त्यात जवळ, बसची ये-जा सतत. पहाटेची गाडी पकडायची असेल, किंवा कामासाठी एका रात्रीपुरतं यायचं असेल, तर इथेच राहावं. पण पाच दिवसांच्या सहलीला मला हा भाग कुठल्याही मोठ्या गावासारखा वाटला. समुद्र इथे आहे हे कळतच नाही.

आम्ही शेवटी खोली घेतली ती जयस्तंभाजवळ, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशी. गॅलरी नाही, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. पण ही जागा मधल्या पायरीवर आहे, आणि त्यामुळे आमचे उरलेले तीन दिवस सोपे झाले. थिबा पॉइंट वर, तिथे रिक्षाने. बाजार आणि मांडवी खाली, तिथे चालत. पतितपावन मंदिर आणि टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, दोन्ही एका सकाळी रमतगमत झाली. टिळकांचा जन्म 1856चा. घर कोकणी पद्धतीचं, उतरत्या छपराचं; आत शिरल्यावर आईला तिच्या आजोळची आठवण झाली आणि ती ओटीवरच थांबून राहिली. पतितपावन मंदिर 1931चं, भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं, सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते त्या काळातलं. सर्व जातींच्या लोकांना खुलं असलेलं मंदिर, हे त्या काळात किती मोठं पाऊल होतं, ते तिथे उभं राहून पुन्हा एकदा जाणवतं.

आमचा नियम तिथेच ठरला: उतरताना पायी, चढताना रिक्षा. एका दिशेचंच भाडं लागतं, गुडघे वाचतात आणि उतारावरच्या आळ्या नीट बघून होतात. जांभ्या दगडाचे गडगे, परसातले माड, मध्येच एखादी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. पाखाड्यांबद्दल मात्र सांभाळून. नकाशावर ती बारीक रेघ असते आणि फोन तिला ‘चालण्याचा रस्ता’ म्हणतो. प्रत्यक्षात त्या उंच, झिजलेल्या पायऱ्या असू शकतात. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा अनोळखी पाखाडीच्या वाटेला जाऊच नये. फोनच्या नकाशात जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा पर्याय असतो. खोली ठरवण्याआधी तो लावून बघा, अंतरापेक्षा तो जास्त खरं सांगतो.

मांडवी ही मला उशिरा कळलेली गोष्ट. गोखले नाक्यावरून खाली चालत गेलं की अर्ध्या-पाऊण तासात, दुकानं बघत थांबत गेलं तरी, आपण जेटीवर असतो. वाळू काळसर, किनारा भाट्यासारखा लांबरुंद नाही, पोहायला मी तिथे जाणार नाही. पण संध्याकाळी अख्खं गाव तिथे येतं. भेळेच्या गाड्या, मुलं, निवांत बसलेले आजी-आजोबा. आईने चपला माझ्या हातात दिल्या, पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली आणि अंधार पडेपर्यंत बाहेर यायला तयार नव्हती. परतताना जवळच रिक्षा मिळाली, कारण गावातलीच माणसं सतत येत-जात असतात. समुद्र आणि बाजार जवळपास एकाच पातळीवर असलेला भाग रत्नागिरीत मला हाच दिसला. राहण्याच्या जागा कमी आहेत आणि साध्या आहेत. पुढच्या वेळी मी आधी इथे फोन करीन, नाही मिळाली तर जयस्तंभ.

फोनवर काय विचारायचं तेही सांगते, कारण फोटो बघून मी फसले. स्टँडवरून तुमच्याकडे चालत येताना चढ लागतो का? रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती? खोली कितव्या मजल्यावर, आणि लिफ्ट चालू आहे का? रात्री नऊनंतर दारात रिक्षा येते का? पहिल्या प्रश्नाला “थोडासा” असं उत्तर आलं तर चढ आहे असं समजा. इथल्या माणसांचे पाय या उतारांवर वाढलेले असतात, त्यांचा थोडासा आपल्याला बराच होतो.

रत्नदुर्ग किल्ल्यासाठी मात्र वेगळा हिशोब करा. भगवतीच्या देवळापर्यंत रिक्षा जाते, पण वर परतीचं वाहन सहज मिळेल असं धरू नका. जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट भाडं ठरवा. आम्ही दीड तास थांबायला सांगितलं होतं, तो पुरला. किल्ला घोड्याच्या नालेसारखा समुद्रात घुसलेला आहे आणि तटावरून खाली मिरकरवाड्याचं बंदर, तिथल्या मासेमारीच्या बोटींची दाटी दिसते. सकाळीच जा, दुपारी वर सावली कमी.

गणपतीपुळ्याला आम्ही एसटीने गेलो आणि त्याच दिवशी परतलो. आरे-वारे मार्गे जाणारी गाडी आणि निवळी मार्गे जाणारी गाडी अशा दोन वाटा आहेत, कंडक्टरला विचारूनच चढा. आरे-वारेची वाट जवळची, साधारण पंचवीस किलोमीटर, आणि अर्ध्याहून जास्त मजा त्या वाटेतच आहे. जाताना डाव्या खिडकीला बसा. चढावरून गाडी वळते आणि एकदम खाली दोन किनारे उघडतात, तेव्हा गाडीतले नेहमीचे प्रवासीसुद्धा क्षणभर बाहेर बघतात. एसटीत महिलांना आणि ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे, आधारकार्ड जवळ ठेवा. परतीच्या गाड्यांच्या वेळा उतरल्या उतरल्या विचारून घ्या. स्टँडजवळ राहण्याचा खरा फायदा अशाच दिवशी कळतो: थकून उतरलो आणि पाच मिनिटांत खोलीवर होतो.

परतीच्या दिवशी मांडवी एक्स्प्रेसच दुपारची होती. रिक्षा आदल्या संध्याकाळी सांगून ठेवली होती, तेच पुलावर भेटलेले दादा. गाडीच्या तासभर आधी निघालो. मारुती मंदिरच्या चौकात गर्दी लागली, तरी वेळेत पोचलो. पावसाळ्यात जाणार असाल तर रेल्वेचं वेळापत्रक बदललेलं असतं, ते बघूनच रिक्षाची वेळ सांगा. आणि रात्री-पहाटेची गाडी असेल तर एकाऐवजी दोघांना विचारून ठेवा.