पार्ट टू ऑर्डरमधली एक ओळ

कोपरखैरणे, रविवार

डिस्चार्ज बुकातलं, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळालेल्या सेवापुस्तकातलं, पदकांचं पान आज पुन्हा समोर आहे. एकाहत्तरच्या लढाईतला जवान, आता पंच्याहत्तरीच्या घरात. पानावर सैन्य सेवा मेडल आहे, नऊ वर्षांच्या सेवेचं आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आहे. 'पूर्वी स्टार', म्हणजे एकाहत्तरच्या पूर्व आघाडीचं पदक, तेवढं नाही. डिसेंबर १९७१ मध्ये जो पूर्व आघाडीवर होता, त्याच्या पानावर पूर्वी स्टार नसणं हे मनाला लागणारच. छातीवरच्या पट्ट्या बघून माणूस कुठे कुठे होता हे दुसरा फौजी क्षणात ओळखतो, आणि तिथे एक जागा रिकामी राहते.

म्हणून राहून गेलेल्या पदकासाठीचा पहिला अर्ज बहुतेक वेळा भावनेने लिहिला जातो. दोन पानं भरतात, पण पलटण कोणती, कंपनी कोणती, कोणत्या तारखेला कुठे होतो, हे त्यात सापडत नाही. रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय, अर्जदाराचं शौर्य तपासत नाही, ते फक्त एक नोंद शोधतं. लढाई संपल्यावर युनिट पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानांच्या वैयक्तिक नोंदींचा आदेश, काढतं: नंबर, हुद्दा, नाव, पदक, कोणत्या तारखेपासून पात्र. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसात पोचली की शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रकावर, नोंद चढते आणि मग पदकाची मागणी पुढे जाते. पदक मिळालं नाही म्हणजे या साखळीची एक कडी तुटली आहे. कुठली, ते आधी शोधायचं. अर्जात पदक मागण्याआधी पार्ट टू ऑर्डरमधली ही ओळ मागावी, असं माझं ठाम मत आहे.

कडी तुटते ती ठरावीक जागी. सगळ्यात जास्त गोंधळ अटॅचमेंटचा. सिग्नल्सचा (संदेशवहन) ऑपरेटर, ईएमईचा (यंत्रदुरुस्ती) फिटर, एएससीचा (रसद आणि वाहतूक) ड्रायव्हर लढाईच्या काळात दुसऱ्याच पलटणीबरोबर होता. त्या पलटणीने त्याला आपल्या स्ट्रेंथवर, म्हणजे पटावर, धरलं नाही, आणि मूळ युनिटला वाटलं की ऑर्डर तिकडून निघेल. दोघांनीही काढली नाही. दुसरी जागा इस्पितळ: जखमी होऊन मागे आला, तिथून थेट डेपोत किंवा दुसऱ्या युनिटात गेला, आणि पलटणीने यादी केली तेव्हा तो तिथे नव्हता. तिसरी जागा नाव. आपल्याकडे आडनाव शेवटी, वडिलांचं नाव मधे. भरतीच्या कारकुनाने कधी मधलं नाव गाळलं, कधी साबळेचं सबले केलं. आर्मी नंबरच्या शेवटचं इंग्रजी अक्षर अनेक जण अर्जात लिहीतच नाहीत. ते चेक लेटर आहे, नंबर बरोबर उतरवला की नाही हे त्यावरून कळतं. एका गावचे, एका आडनावाचे चार जण एकाच रेजिमेंटमध्ये असतात. त्या अक्षराशिवाय कारकून कुणाचं पान उघडणार? नावाची गफलत किती दूर जाऊ शकते याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण कारगिलचं. १८ ग्रेनेडियर्सच्या योगेंद्रसिंह यादव यांचं परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं. ते इस्पितळात उपचार घेत होते, त्याच नावाचा दुसरा जवान हुतात्मा झाला होता.

दोन गोष्टींची सरमिसळ मात्र करू नये. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, पासष्टचे समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, कारगिलचे ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल, सियाचीन ग्लेशियर मेडल, ही हक्काची पदकं. ठरलेल्या काळात ठरलेल्या भागात सेवा झाली असेल तर ती मिळायला हवीत, आणि नोंद चुकली असेल तर ती दुरुस्त होते. सेना मेडल, वीर चक्र यांचं तसं नाही. तिथे कमांडिंग ऑफिसरची शिफारस लागते. ती ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशी वर जाते, मग राष्ट्रपतींची मंजुरी आणि भारताच्या राजपत्रात नाव. शिफारसच झाली नसेल तर पन्नास वर्षांनी अर्जाने वीर चक्र मिळत नाही, आणि तशी आशा दाखवून पैसे घेणाऱ्यांपासून दूर राहावं. राजपत्रात नाव आहे पण पेन्शनमध्ये भत्ता नाही, असं असेल तर ते प्रकरण सरळ आहे: राजपत्राची प्रत जोडून मागायचं. १ ऑगस्ट २०१७ पासून सेना मेडल (शौर्य) साठी महिना २,००० आणि वीर चक्रासाठी ७,००० रुपये हा दर आहे.

जखमेचं पदक, म्हणजे वूंड मेडल ऊर्फ पराक्रम पदक, याला मी सगळ्यात आधी हात घालायला सांगते. जखम शत्रूच्या थेट कारवाईतली असावी लागते. कागदात 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतली इजा) ऐवजी 'फिजिकल कॅज्युअल्टी' (इतर इजा) लिहिलं गेलं असेल तर पदक जातंच, शिवाय वॉर इंज्युरी पेन्शनही हातची जाते आणि साध्या डिसॅबिलिटी पेन्शनवर माणूस राहतो. इस्पितळाचं डिस्चार्ज कार्ड आणि मेडिकल बोर्डाचे कागद शोधायला घर पालथं घालावं लागलं तरी घालावं.

सोमवार

पत्र कुणाला, इथेच अर्धे अर्ज भरकटतात. दिल्लीला नको, मंत्र्यांना नको. जवान आणि जेसीओंचं (सुभेदारासारख्या हुद्द्यांचं) पत्र त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महारचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला. नौसैनिकांचं काम आपल्या अगदी शेजारी: वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्द, तिथल्या चीता कॅम्पमध्ये ब्यूरो ऑफ सेलर्स. वायुसैनिकांचं रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत, सुब्रोतो पार्कला.

पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत, एकाच पानाचं. वर चेक लेटरसह नंबर, हुद्दा, डिस्चार्ज बुकात आहे तसंच नाव. मग: या तारखेपासून या तारखेपर्यंत, या युनिटच्या या कंपनीत, या युनिटशी अटॅच, या ठिकाणी. आणि नेमकी मागणी: अमुक पदकाची पार्ट टू ऑर्डर निघाली होती का, निघाली असल्यास तिचा क्रमांक व तारीख, नसल्यास ती काढण्याची कारवाई. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि ओळखपत्राच्या साक्षांकित प्रती. मूळ डिस्चार्ज बुक कधीही पोस्टाने पाठवू नये, कुणी मागितलं तरी. स्पीड पोस्टची पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवावी. पुढे तारखा याच पावतीवर मोजल्या जातात.

पुरावा म्हणून सोबत्यांची शपथपत्रं लोक गोळा करतात. चालतात, पण आधाराला. जुनं पे बुक किंवा पे अकाउंट्स ऑफिसातला हिशेब यात फील्ड एरिया भत्त्याची नोंद असेल तर तिचं वजन कितीतरी जास्त, कारण ती त्याच वेळी, पैशांसाठी, तिसऱ्याच माणसाने केलेली असते. मूव्हमेंट ऑर्डर, रेल्वे वॉरंटची प्रत, तारखेचं फील्ड पोस्ट ऑफिसचं पाकीटसुद्धा ठेवावं. ट्रंकेच्या तळाशी हे निघतं.

नवी मुंबईत आणखी एक अडचण आहे. इथले कितीतरी माजी सैनिक सातारा-सांगलीकडचे. निवृत्तीनंतर कोपरखैरणे, घणसोली, कामोठ्यात आले. रेकॉर्डमध्ये पत्ता अजून गावचाच. उत्तर गावी जातं, बंद घराच्या कडीला अडकून राहतं, आणि इथे माणूस वाट बघत बसतो. आधी पत्ता बदलावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचीही गल्लत होते: ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात, म्हणून कार्यालय ठाण्याला, खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडात, म्हणून अलिबागला. शहर एक असलं तरी कार्यालयं दोन. ही कार्यालयं अर्ज पुढे पाठवतात, साक्षांकन करतात. पदक देणं त्यांच्या हातात नाही.

मंगळवार, थोडंसं

उत्तर येतं ते पुष्कळदा असं: 'कागदपत्रं नष्ट करण्यात आली आहेत.' हे वाचून माणूस खचतो. पेन्शन नसलेल्यांची सेवा कागदपत्रं आर्मी रेग्युलेशन्सच्या परिच्छेद ५९५ प्रमाणे २५ वर्षांनी नष्ट होतात, हे खरं. पण लाँग रोल, म्हणजे जवानांच्या मुख्य नोंदींची वही, कायम ठेवला जातो. म्हणून दुसऱ्या पत्रात लाँग रोलचा उतारा मागायचा.

उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. केंद्राच्या पोर्टलवर भरावा. महाराष्ट्राच्या पोर्टलवर भरलेला अर्ज लष्करापर्यंत जात नाही. 'पदक का दिलं नाही' असा प्रश्न विचारू नये, कारण ती माहिती नाही, तक्रार आहे. 'माझ्या शीट रोलची प्रत, माझ्या नावाच्या पदकविषयक पार्ट टू ऑर्डरच्या प्रती' असं लिहावं. पहिलं अपील ३० दिवसांत.

आणि शेवटचं दार सशस्त्र सेना न्यायाधिकरण. मुंबईत खंडपीठ आहे. २००७ च्या कायद्याच्या कलम २२ मध्ये मुदती आहेत: अंतिम नकार आल्यापासून सहा महिने, उत्तरच नसेल तर अर्जानंतरचे सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याचं कारण कागदावर लागतं. नोंद दुरुस्त करण्याचं बळ या न्यायाधिकरणात आहे. २०१० मध्ये, १९९९ च्या कारगिल युद्धात बटालिकला लढलेल्या ब्रिगेडियर देविंदर सिंह यांच्या प्रकरणात, न्यायाधिकरणाने त्या युद्धाच्या नोंदी दुरुस्त करायला सांगितलं होतं. एका ब्रिगेडियरलाही त्यासाठी अकरा वर्षं लागली, हे आठवलं की एका नाईकाचा अर्ज किती काळजीने लिहायला हवा हे कळतं.

नोंद चढणं आणि पदक हातात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे बरेच महिने जाऊ शकतात. तोवर दुकानातलं पदक आणून लावायची घाई करू नये. नोंदीचं पत्र आलं की डिस्चार्ज बुकात ती चढवून शिक्का घ्यावा. आणि पदक आलं की रिबन बघण्याआधी त्याची कड वाचावी. अस्सल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. तिथेही सबले असेल तर पदक तसंच ठेवून, त्याच आठवड्यात रेकॉर्डला पत्र.