डायमंड कट अलॉय चाकांची झिलई टिकवताना : माझा अनुभव

ऐरोलीला राहणाऱ्या मावसभावाची गाडी आम्ही घेतली, तेव्हा तिचे इंजिन आणि रंग दोन्ही उत्तम होते. रया गेली होती ती फक्त अलॉय चाकांची. पुढच्या दोन्ही चाकांवर नारिंगी-तपकिरी ठिपके होते आणि मागच्या डाव्या चाकाच्या कडेपासून आतल्या बाजूला, पारदर्शक थराच्या खाली, पांढऱ्या केसांसारख्या नागमोडी रेषा पसरल्या होत्या. नाशिकला गाडी आल्यावर ज्यांना ज्यांना ती चाके दाखवली, त्यांपैकी बहुतेकांनी ‘बफ मारून घ्या, नव्यासारखी होतील’ असेच सांगितले. मी ते केले नाही. का केले नाही हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण अलॉय चाकावर आपल्याला जे चकाकताना दिसते, त्याचे आयुष्य सर्वस्वी धातूवरच्या लॅकरच्या पातळ थरावर अवलंबून असते आणि बफचा, म्हणजे यंत्राने घासून चकाकी आणण्याचा, पहिला घाव त्या थरावरच पडतो.

अलॉय चाक साधारणपणे ॲल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम मिसळून ओतलेले असते. ॲल्युमिनियम उघडे पडले की त्यावर ऑक्साइडचे संरक्षक आवरण आपोआप तयार होते, परंतु मीठ आणि ओलावा एकत्र आले की ते आवरण पुरे पडत नाही. शिवाय हा धातू आम्ल आणि अल्कली या दोहोंनी खाल्ला जातो. म्हणून फरशी साफ करण्याचे ॲसिड चाकासाठी जितके घातक, तितकाच कॉस्टिक सोड्याचा कडक क्लीनरही घातक. डायमंड कट प्रकारात रंगवलेल्या चाकाचा दर्शनी भाग लेथवर अगदी बारीक सोलून धातू उघडा करतात आणि त्यावर केवळ पारदर्शक लॅकर चढवतात. एक दशांश मिलिमीटरहूनही पातळ असलेल्या या थराखाली रंगाचे दुसरे कवच नसते. खडी लागून किंवा पदपथाच्या कडेला घासून त्याचा टवका उडाला की पाणी लॅकर आणि धातू यांच्या मधून सरकत जाते आणि लॅकरखाली गंजाचे धागे पसरू लागतात. याला फिलिफॉर्म गंज म्हणतात. आमच्या गाडीच्या बाबतीत ऐरोलीच्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेनेही त्याला हातभार लावला असणार.

पुढच्या चाकांवरचे ठिपके मात्र ॲल्युमिनियमचे नव्हतेच. ब्रेक लागतो तेव्हा पॅड आणि बिडाची डिस्क यांच्या घर्षणातून लोखंडाचे तापलेले सूक्ष्म कण उडतात, लॅकरमध्ये रुततात आणि पाणी मिळाल्यावर तिथेच गंजतात. ब्रेकचा अधिक भार पुढच्या चाकांवर येत असल्याने ती आधी काळवंडतात. हे कण घासून काढू गेले तर लॅकरवर ओरखडे उठतात. ते रासायनिक रीतीने विरघळवावे लागतात. त्यासाठी मी थायोग्लायकोलेट असलेला आयर्न रिमूव्हर वापरला. सकाळच्या सावलीत, चाके पूर्ण थंड असताना, आधी साध्या पाण्याने माती काढून तो फवारला. लोखंडाशी त्याचा संयोग होताच जांभळे ओघळ वाहू लागतात आणि उग्र, गंधकासारखा वास सुटतो. म्हणून हातमोजे घालावेत आणि हे काम मोकळ्या जागेतच करावे. फवारा चाकावर वाळू न देता भरपूर पाण्याने धुतला. एका वेळेत सगळे डाग गेले नाहीत, तेव्हा घासण्याचा मोह टाळून तीच क्रिया पुन्हा केली. ठिपके निघाल्यावर खाली लॅकर शाबूत असल्याचे दिसले आणि ती दोन्ही चाके वाचली याचा मला फार आनंद झाला.

मागच्या डाव्या चाकाला असा उपाय नव्हता. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कार्यशाळेत ते नेले, तेव्हा तिथल्या अनुभवी कारागिरांनी नखाने कडेचे लॅकर उचलून दाखवले. “ताई, गंज आतून चाललाय, वरून काय मारणार? हे पूर्ण सोलावं लागेल.” मग पुन्हा डायमंड कट करायचे की पावडर कोटिंग करून, म्हणजे कोरडी रंगपूड भट्टीत तापवून पक्की करून, साधा रुपेरी रंग द्यायचा, असा प्रश्न आला. टिकाऊपणाच्या दृष्टीने रंगच उजवा, हे मला मान्य आहे, कारण त्यात धातूवर एकाहून अधिक थर बसतात. पण एक चाक वेगळे दिसले असते आणि उरलेली तीन चांगली चाके केवळ जोड जमावी म्हणून सोलणे मला पटले नाही. लेथवर प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होतो, त्यामुळे डायमंड कट वारंवार करता येत नाही. हे चाक कारखान्यातून आल्यावर पुन्हा कधीच कापलेले नव्हते, म्हणून या वेळी तो मार्ग मोकळा होता. पुन्हा गंज धरलाच तर चारही चाके रंगवायची, असे आम्ही घरी ठरवून टाकले आहे.

काम देण्यापूर्वी मी काही गोष्टी बोलून घेतल्या. चाक वाकलेले किंवा तडकलेले नाही ना, हे आधी फिरवून तपासायचे. चीर निघाली तर वेल्डिंग करायचे नाही. पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत पक्की होते. अलॉयला ताकद देणाऱ्या उष्णताप्रक्रियेचा शेवटचा टप्पा मात्र त्याहून कमी तापमानाला पूर्ण केलेला असतो, त्यामुळे भट्टीतील तापमान आणि वेळ विनाकारण वाढवली तर धातू नरम पडू शकतो. जिथे चाक हबला (ज्यावर ते नटांनी आवळतात त्या मधल्या भागाला) टेकते तो भाग आणि नट बसण्याच्या जागा झाकूनच रंग द्यायचा, कारण तिथे जाड थर राहिला की तो दाबला जातो आणि नट सैल पडतात. कापल्यावर उरणाऱ्या धारदार कडा बारीक पॉलिश पेपरने किंचित गोलसर करायच्या, कारण धारेवर लॅकर ओढला जाऊन विरळ होतो आणि गंजाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. शेवटची अट ऐकून कारागीर म्हणाले, “हे कोणी विचारत नाही, ताई, पण खरं काम तिथंच आहे.” त्यांनी ते मनापासून केले.

नव्या लॅकरसाठी त्यांनी सांगितलेली मुदत जाऊ दिली आणि मगच चारही चाकांवर, आतल्या बाजूनेही, सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणासारखा पुसून लावायचा संरक्षक थर, लावला. कार्नोबा मेण साधारण ८५ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे ब्रेकजवळ ते फार काळ टिकण्याची अपेक्षा करू नये. सिरॅमिक कोटिंग अधिक टिकते, तथापि त्याचा उपयोग धूळ सहज निघण्यापुरता आहे. पदपथाची कड लागली तर तेही चाक वाचवू शकत नाही.

आता चाके धुताना बॉडीपेक्षा वेगळी बादली, पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) शॅम्पू आणि मऊ ब्रश एवढेच लागते. बोअरचे पाणी वापरले तर ते चाकावर वाळू देत नाही, कारण त्यातील क्षारांचे पांढरे डाग लॅकरवर चिकटून बसतात. मायक्रोफायबर कापडाने नटांच्या खोबणीपर्यंत पाणी टिपून घेते. वॉशिंग सेंटरला जावे लागलेच, तर “दादा, चाकांवर केमिकल मारू नका, नुसतं पाणी मारा,” असे आधीच सांगते. मुंबईकडे जाताना कसारा घाट खालच्या गिअरमध्ये उतरला की ब्रेकची धूळ डोळ्यांना दिसेल इतकी कमी होते. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्त्यांवर सुटी खडी आणि ओले डांबर भेटते. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने मऊ करून टिपावेत, नखाने खरवडू नयेत.

टायरच्या दुकानातही लक्ष ठेवावे लागते. बॅलन्सिंगची वजने कडेला ठोकून बसवली तर लॅकर तिथेच फुटतो. म्हणून चाकाच्या आतल्या बाजूला चिकटवायची वजने मागावीत आणि टायर उतरवताना यंत्राच्या जबड्याला प्लास्टिकचे संरक्षक आहे का, ते पाहावे. नट हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू न देता, गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यानुसार टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने घट्ट करून घ्यावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. पिंपळगाव बसवंतला जाऊन आल्यावर मी ते तपासले, तेव्हा अंबडहून आलेल्या चाकाचा एक नट किंचित फिरला. बाकीचे जागच्या जागी होते.