कमाटीबागेत ऐकलेला भूप

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही चौघे पुण्याहून बडोद्याला गेलो, ते केवळ एका कार्यक्रमासाठी. दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याची नात गेली तीन वर्षे तिथल्या एका हौशी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते आणि त्या संध्याकाळी त्यांचे वादन सयाजीबागेत, बडोदेकरांच्या भाषेत कमाटीबागेत, हिरवळीवर होणार होते. "सभागृहात पुष्कळ ऐकलंस, आता झाडांखाली ऐक," असे आत्याने फोनवर बजावले होते.

काळ्या घोड्यावरच्या सयाजीराव महाराजांना नमस्कार करून आम्ही बागेत शिरलो. विश्वामित्रीच्या काठची ही बाग त्यांनी 1879 मध्ये लोकांसाठी खुली केली. निंबाच्या फांद्यांत उत्तरायणातले फाटके पतंग अजून लटकत होते. आम्ही सतरंज्या अंथरल्या. आत्याने लीलो चिवडा आणि तिळाच्या वड्या काढल्या, तर आतेभावाच्या गुजराती शेजाऱ्यांनी उंधियूचा डबा उघडला. मुले त्यांच्याशी मराठीत बोलत होती, त्यांना उत्तरे गुजरातीत मिळत होती आणि कोणाचेच काही अडत नव्हते.

वादक तीसेक होते. पुढे व्हायोलिनच्या दोन रांगा, त्यांच्यामागे बासऱ्या, दोन सतारी, एक चेलो, क्लॅरिनेट आणि उजवीकडे तबला. क्लॅरिनेटवर बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, तर चेलो एका औषधविक्रेत्या बाईंच्या हाती होता. हार्मोनियमच्या षड्जावर, म्हणजे 'सा'वर, सगळ्यांनी वाद्ये मिळवली आणि हंसध्वनी रागाने सुरुवात झाली. मोकळ्यावर आवाज परतवायला भिंत नसते, त्यामुळे तो पसरून विरतो, आणि व्हायोलिनचे तलम, उंच अंश तर सर्वांत आधी नाहीसे होतात; म्हणूनच संयोजकांनी वादकांच्या पाठीशी प्लायवूडचे उंच फळे उभे केले होते. आम्हीही सतरंज्या उचलून दहा पावले पुढे सरकलो आणि त्या दहा पावलांनी ऐकण्यात केवढा फरक पडला!

सूर्य मावळताच गारवा वाढला. थंडीने पोलादी तारा आकसतात आणि त्यांचा सूर चढतो. उलट, थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होत असल्याने बासरी आणि क्लॅरिनेट उतरतात. दुसऱ्या रचनेच्या शेवटी हे अंतर आमच्याही कानांना बोचू लागले, तेव्हा संचालकांनी वादन थांबवून शांतपणे सगळी वाद्ये पुन्हा मिळवून घेतली. प्रेक्षकांत कोणी चुळबूळ केली नाही, हे मला फार आवडले.

त्यानंतर भूप आला. मध्यम (म) आणि निषाद (नि) वर्ज्य असलेला हा राग पाच शुद्ध स्वरांचा, म्हणून ऐकणाऱ्याला सोपा वाटतो. पण दहा-बारा व्हायोलिनांनी गंधारावरून (ग) षड्जापर्यंतची मींड, म्हणजे सूर न तोडता घसरत जाणे, एकाच क्षणी, एकाच वेगाने घ्यायची म्हणजे ती कुठे सुरू होते आणि किती मात्रांत उतरते हे कागदावर असावेच लागते. लिहिलेल्या स्वरांतून रागाचा जीव निघून जातो, असे मी अनेक वर्षे मानत आलो. याच शहरात गायक मौलाबक्षांनी 1886 मध्ये गायनशाळा सुरू केली आणि स्वरलेखनाचा आग्रह धरला. 1916 मध्ये संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही इथेच भरली. हा इतिहास मला पाठ होता, पण त्याचा उपयोग मला त्या हिरवळीवर दिसला: आत्याची बारा वर्षांची नात आणि सत्तरीचे क्लॅरिनेटवादक, ज्यांची तयारी कोणत्याही अर्थाने सारखी नाही, ते दोघे एकाच ओळीवर डोळे ठेवून एकाच वेळी षड्जावर उतरले. बासऱ्या त्यांच्या खाली किंचित थरथरत राहिल्या आणि तो थरथराट मला लिहिलेल्या कागदातला मुळीच वाटला नाही. आत्याने माझा हात दाबला. बोलणे शक्य नव्हते.

कार्यक्रम संपल्यावर आतेभावाने लेकीला शाल गुंडाळली. तिने आधी गजाचे केस सैल केले, व्हायोलिनवरची राळ मऊ फडक्याने पुसली आणि पेटी बंद करताना मला म्हणाली, "काका, घरी गेल्यावर लगेच वाजवायला सांगू नका हं, ऊब लागली की तारा परत उतरतील." मग तिने स्वतःच डब्यातली शेवटची वडी माझ्या हातावर ठेवली.