आधी तोंडात, मग पायात

आमच्या कथक क्लासचं वार्षिक संमेलन संक्रांतीनंतरच्या रविवारी सांगलीत भरतं. दीपप्रज्वलन, नटराजाला हार, शाल-श्रीफळ आणि गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची प्रमाणपत्रं पाऊण तासात आटोपतात. पाहुण्यांच्या भाषणात विष्णुदास भावे आणि १८४३ सालचं ‘सीतास्वयंवर’ येतंच, आणि ते यायलाच हवं. आपण कुठल्या गावात पाय आपटतोय हे मुलांना दरवर्षी कुणीतरी सांगायला हवं.

त्यानंतर प्रारंभिकच्या, म्हणजे पहिल्या परीक्षेच्या, बॅचची पढंत होते: नाचाचे बोल हातानं ताल धरून तोंडानं म्हणायचे. आमच्या मते संमेलन तिथंच सुरू होतं. सात-आठ वर्षांची सोळा-सतरा मुलं मांडी घालून बसतात. पायांत घुंगरू नाहीत, तोंडाला रंग नाही. पेटीवर लहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाइतकी पुन्हा पुन्हा वाजणारी धून, सुरू होतो आणि मुलं हातानं सोळा मात्रांचा तीनताल धरतात: १, ५, १३ वर टाळी, ९ वर खाली. तोंडानं ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’. आधी ठाय, म्हणजे संथ, मग दुगुन, म्हणजे दुप्पट, मग चौगुन. चौगुनीत जीभ अडखळते, पण टाळी हलत नाही. बोल सुटलेलं मूल गप्प राहून टाळी देत राहतं आणि पुढच्या समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, पुन्हा सामील होतं. हे दिसलं की आमच्यातल्या जुन्या मंडळींचे डोळे भरून येतात. समेची वाट पाहणं त्या वयात येणं सोपं नाही.

दुःख एवढंच की हे सगळं अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे होतं. पत्रिकेवर साडेपाच छापलेलं असतं आणि पालक सात वाजता येतात, आपल्या मुलीचा नाच बघून उठतात. मुलं मात्र चार वाजल्यापासून वेणीफणी करून बसलेली असतात. याचं आम्हाला वाईट वाटतं आणि ते इथं लिहायला हरकत नसावी.

पढंतीवर एवढा भर का, ते तत्कार, म्हणजे पायांचं मूळ काम, शिकवताना कळतं. पहिल्या चार मात्रांना उजवा-डावा-उजवा-डावा आणि पुढच्या चारांना डावा-उजवा-डावा-उजवा. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मात्रेला डावाच पाय लागोपाठ पडतो, आठव्या-नवव्याला उजवा. मुलाचा पाय सवयीनं बदलून पडतो आणि तिथून सगळं उलटं होतं. पाचव्या मात्रेचा ‘आ’ तोंडानं ठामपणे म्हणणारं मूल ही चूक लवकर सोडतं, कारण पाय फिरायची जागा त्याच्या कानाला माहीत असते. बाकीच्या चुका नजरेला दिसतात. गुडघ्यातून पाय फार वर उचलला की कंबर हलते, लय वाढली की खांदे वर जातात आणि श्वास कोंडतो. पाऊल जमिनीपासून चार बोटं उचललं तरी पुरतं. तळवा पूर्ण पडला पाहिजे.

तिहाईचंही, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येण्याचंही, तसंच. पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मधे एकेका मात्रेचा दम, म्हणजे विराम: पाच, एक, पाच, एक, पाच, झाल्या सतरा. समेवरून उचलली तर सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. मंचावर घाई झाली की मूल नेमका दम गाळतं. दोन्ही दम गेले की पंधराव्या मात्रेवर हात वर करून उभं राहतं आणि लहरा पुढे चालूच असतो. एका संमेलनात मध्यमा परीक्षेच्या मुलीचं असं झालं, तेव्हा कडेला पढंत करणाऱ्या विशारदच्या मुलीनं तीच तिहाई पुढच्या आवर्तनात पुन्हा उचलली. तबलजींनी मान हलवून साथ दिली आणि दोघी मिळून समेवर आल्या. सभागृहात कुणाला कळलं नाही. विंगेत सगळ्यांना कळलं.

चक्करांची, म्हणजे जागच्या जागी घ्यायच्या गिरक्यांची, अडचण निराळी. डाव्या टाचेवर फिरायचं आणि नजर एका जागी रोवायची, डोकं सगळ्यांत शेवटी वळवायचं आणि सगळ्यांत आधी परत आणायचं. क्लासात समोर कॅलेंडर असतं. मंचावरून समोर काळोख दिसतो, नजरेला जागा सापडत नाही, टाच सरकते आणि मूल फिरत फिरत विंगेकडे जातं. म्हणून सभागृहाच्या मागच्या दाराशी, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, लाल दिवा धरलेला असतो.

२०२० चं संमेलन विशेष आठवतं. आदल्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णेचं पाणी क्लासच्या घुंगरांच्या कपाटापर्यंत आलं होतं. पितळ चिंचेनं घासून निघालं, पण घुंगराच्या आतला लोखंडी खडा गंजला की आवाज बद्द होतो आणि तिथं हात पोचत नाही. मोठ्या मुलींनी एकेक घुंगरू कानाशी वाजवून पाहिलं आणि बद्द झालेली बाजूला काढली. उरलेली नव्या सुती दोरीत ओवली. एका पायाला शंभर आणि प्रत्येक घुंगराला स्वतंत्र गाठ. गाठ नसेल तर दोरी तुटल्यावर सगळी मंचावर सांडतात आणि अनवाणी पायाखाली येतात. त्या जानेवारीत तत्कार सुरू झाला तेव्हा तो आवाज किती हातांतून आलाय, हे आम्हाला माहीत होतं.

आता ज्यांच्यावाचून हे होत नाही ती माणसं. मिरजेचे तबलजी आणि तासन् तास तोच लहरा न कंटाळता धरणारे पेटीवाले काका. अंगरख्यांना घेर आणि पुढच्या वर्षासाठी आत दोन बोटं माया ठेवणाऱ्या शिवणकामाच्या मावशी. ओढणी खांद्याला आणि कमरेला अशी दोन्हीकडे पिनांनी पक्की करणाऱ्या आया. अळता पुरता वाळल्याशिवाय मुलांना उठू न देणाऱ्या आजी, कारण ओल्या अळत्यावर पाय घसरतो. खिळा, टाचणी राहू नये म्हणून मंचावर तळहात फिरवून पाहणारे माजी विद्यार्थी. पडदेवाले, माईकवाले, गजरे देणाऱ्या फुलवाल्या काकू, विश्रामबागेतून मुलांसाठी उपमा आणि चहा आणणारे दादा, आणि रात्री उशिरापर्यंत सभागृह उघडं ठेवणारे शिपाईमामा.

एक राहिलंच. लाल दिवा धरणारे. ते रिक्षा चालवतात. बॅटरीला लाल जिलेटीन गुंडाळून कार्यक्रम संपेपर्यंत दाराशी उभे असतात, मधे बसत नाहीत, कारण हात खाली गेला तर मुलांची नजर खाली जाते. त्यांची मुलगी विशारद होऊन, लग्न होऊन सांगलीबाहेर गेली. ते अजून साडेपाचच्या आधी येतात.