पुराच्या वाटेवरची बाग

आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे महापालिकेची एक छोटी बाग आहे. सांगलीत, गावभागाच्या खालच्या अंगाला, नदीपासून चालत पाच मिनिटांवर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा या बागेची फक्त फाटकावरची कमान पाण्याबाहेर होती. (४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं.) माझं शिलाई मशीन खालच्या खोलीत होतं, ते त्या पुरात गेलं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज बागेचं लिहायचं आहे.

पाणी ओसरल्यावर आत गेलो तर वीतभर गाळ. ऊन पडलं तसा तो वाळला, भेगाळला आणि इतका कडक झाला की फावडं मारलं तर हाताला झिणझिण्या यायच्या. लॉन, गुलाब, क्रोटन, मेंदीचं कुंपण, सगळं कुजून गेलं होतं. उभे होते ते तीन जुने करंज, कोपऱ्यातला उंबर आणि एक जांभूळ. महिन्याभरात करंजांना तांबूस कोवळी पालवी फुटली. घरात चिखल काढून काढून जीव शिणला होता, पण ती पालवी बघायला मी रोज भिंतीपाशी जाऊन उभी राहायची.

सुरुवातीला आम्ही सहाजण होतो. शेजारच्या वहिनी, कॉलेजातली तीन मुलं, मी आणि हरिपूरहून सायकलवर येणारे एक आजोबा. त्यांच्या घरी पूर्वी हळदीची पेवं होती. जमिनीच्या पोटात हळद साठवायचे ते खोल खड्डे. माती हातात घेऊन चुरली की तिच्यात काय कमी आहे ते त्यांना कळायचं. पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हाला रोपांचं नावसुद्धा काढू दिलं नाही. "मुळाला बी श्वास लागतो, पोरी. आधी बुंधे मोकळे करा." खरंच होतं. गाळाचा थर बसला की मातीतली हवा कोंडते आणि पाण्यातून वाचलेलं झाडही मग हळूहळू गुदमरतं. त्या वर्षी दिवाळीपर्यंत पाऊस हटेना. मिळेल त्या रविवारी आम्ही पहार आणि घमेली घेऊन जायचो. बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉकही पालिकेच्या माळीकाकांना विचारून काढले. गाळ फेकला नाही. पालापाचोळा आणि शेणखत घालून एका कडेला त्याचा ढीग लावला, कारण नदीनं आणलेली ती मातीच होती. तिला फक्त भुसभुशीत करायची होती.

मग वाद झाला तो काय लावायचं यावर. पुन्हा लॉन हवं म्हणणारे होते, रंगीत फुलं हवीत म्हणणारेही होते. मला ते मुळीच पटत नव्हतं. कोण जगलं ते डोळ्यांसमोर उभं होतं, मग दुसरीकडे कशाला बघायचं? शेवटी यादी ठरली: करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर, कदंब, कडेनं निर्गुडी. चार कडुनिंब आणि दोन शेवगे माझ्या आग्रहानं.

कधी लावायचं, याचं उत्तरही आजोबांनीच दिलं. आपल्याकडे रोपं मृगात लावायची, हे डोक्यात पक्कं असतं. ते म्हणाले, "जूनला लावाल आन् ऑगस्टला नदी घेऊन जाईल. आत्ता थंडीत लावा, उन्हाळाभर पाणी घाला, मुळं धरू द्या." म्हणून डिसेंबरात दोन-दोन फुटांचे खड्डे काढून ५२ रोपं लावली. बांबूला बांधायला सुतळी नको म्हटलं, वाऱ्यानं हललं की ती साल कापते. माझ्याकडे सुती कातरणाची पोती पडलेली असतात. त्याच्या पट्ट्या काढून आठच्या आकड्यासारखी सैल गाठ मारली.

उन्हाळाभर पाणी घालायचं ठरलं आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला! फाटकाला कुलूप, बाहेर पडायची सोय नाही. माळीकाका येऊ शकत नव्हते. मग भिंतीला लागून असलेल्या तीन घरांनी आपापल्या बोअरचे पाइप भिंतीवरून आत सोडले. आमच्या बाजूची १८ रोपं माझ्या वाट्याला आली. लांबच्या रोपांपर्यंत पाइप पुरायचा नाही, तेव्हा वहिनींचा मुलगा भिंतीवरून उतरून कळशीनं घालायचा. एप्रिल-मेच्या उन्हात तीन रोपं गेली. बाकीची तगली.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी ५० फुटांच्या वर चढलं. बाग परत बुडाली. या वेळी माझा जीव मशीनपेक्षा तिथं जास्त अडकला होता. पाणी उतरलं त्या दिवशी आम्ही कुणाला बोलवायला गेलो नाही, सगळे आपणहून फावडी घेऊन फाटकाशी आले होते. चारही कडुनिंब गेले, शेवगे तर मुळापासून मऊ होऊन आडवे झाले. दोघांनाही पाणी तुंबलेलं सोसत नाही. कदंब निम्मे राहिले. करंज आणि अर्जुन मात्र एकूण एक उभे होते, अंगावर चिखलाचा लेप आणि माझ्या पट्ट्या तशाच बांधलेल्या. गेलेल्यांच्या जागी आम्ही करंजच लावले.

आता जुन्या करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात खाली पडतात त्या मी वेचून आणते. बी दुधाच्या पिशव्यांत लावलं की पंधरवड्यात कोंब वर येतो. नवं मशीन मी पहिल्यापासूनच वरच्या मजल्यावर ठेवलंय. त्याच्या शेजारच्या खिडकीत या वर्षी ३४ पिशव्या आहेत, डिसेंबरात लावायच्या.